राजापेठेच्या दुकानात पुसलेलं कुंकू

काकू, अन्याय तुमच्यावर झाला. शकुंतलाबाईंवर, साहेबांच्या पत्नीवर. सात वर्षांपूर्वी साहेब गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी पावणेदहा वाजता. ठिकाण तुमचं घर नव्हतं, घाटही नव्हता. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तुमच्या फोटोतलं कुंकू पुसलं गेलं. त्या वेळी पुरुषमंडळी घाटावर साहेबांची राख सावडत होती आणि तुम्ही घरात भिंतीला टेकून बसला होता. तुम्हाला कोणी विचारलं नाही. तुमच्या कपाळाचा निकाल तुमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे लागला.

पत्रकाची पहिली ओळ अशी लिहायची, हे तुम्हीच शिकवलंत. "कोणावर झालं अन् कवा झालं, ते आधी सांग. 'आजच्या समाजात' म्हणून सुरुवात केली तर कागद फाडीन." दोनदा फाडलातही. म्हणून आज रडून सुरुवात करत नाही. रडून झालंय. बारा दिवस झाले तुम्हाला जाऊन, उद्या तेरवी आहे, आणि गावभर तुमचे बॅनर लागलेत. 'त्यागमूर्ती काकूंना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो तोच. त्या मंगळवारचा. पांढऱ्या कपाळाचा.

आणि उद्या सकाळी अकरा वाजता पक्षाच्या सभागृहात, साहेबांच्या तसबिरीशेजारी, तोच फोटो सोनेरी चौकटीत कायमचा लागणार आहे. दिल्लीहून कोणी मोठा माणूस पडदा ओढायला येतोय. एकदा तो तिथे लागला की पुढच्या पोरींना तोच चेहरा माहीत होणार. शाळेच्या सहली येतील, गुरुजी म्हणतील, ह्या साहेबांच्या पत्नी, ह्यांनी फार सोसलं. संपलं. म्हणून हे आजच लिहिलं पाहिजे.

त्यागमूर्ती म्हणे! तुम्ही काय त्यागलंत, काकू? मी सात वर्षं तुमच्या घरात उठले-बसले. एक भांडणसुद्धा सोडलेलं मला आठवत नाही.

साहेब देशाचे होते, हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत लिहिलंय. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र देशाचे साहेब पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तिवस्याहून कॉलेजसाठी अमरावतीला आलेली, निवडणुकीच्या कामाला हात लावला की भाषण करता येतं अशा समजुतीत फिरणारी. थंडीचे दिवस होते. साहेब दिल्लीच्या गाडीनं सकाळी बडनेऱ्याला उतरले होते. घरासमोर गाड्याच गाड्या, ओसरीत माणसंच माणसं. मला कोणीतरी पाणी आणायला आत पाठवलं. आत बघते तर ज्यांचं भाषण ऐकायला माझे बाबा सायकलनं नांदगाव खंडेश्वरपर्यंत गेले होते, ते साहेब मांडी घालून बसलेले, समोर टोपली, बोटं हिरवी.

"अवो, बाहेर कलेक्टर बसून राहिला," साहेब म्हणाले.

"बसू द्या. त्याले शेंगा सोलता येत असतील तर आत पाठवा."

"अन् नसतील येत तर?"

"मंग तुमीच सोला. दीड महिना झाला, या घरातलं एक काम केलं नाही तुमी."

मग तुम्ही त्यांचा खुंटीवरचा कोट उचललात आणि खिसा चाचपलात. "यात काय हाये?"

"कागदं हायेत कामाचे."

"कागदाले तेल सुटते काय?"

शेगावची कचोरी निघाली. साखरेच्या आजाराचा माणूस, गाडी शेगावला थांबली की खिडकीतून हात बाहेर. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, हे बाहेर बोलजो नको. मतं कमी होतात." आणि तुम्ही कचोरीचा अर्धा तुकडा त्यांना दिलात, अर्धा माझ्या हातावर ठेवलात. असा तुमचा न्याय.

दिल्लीच्या बंगल्यात तुम्ही अकरा दिवस राहिलात. बाराव्या दिवशी परत. लोक म्हणत, काकूंना दिल्ली मानवली नाही. तुम्ही मला खरं कारण सांगितलं होतं. "तिथं शेजारी नाहीत गं, पहारेकरी आहेत. मीठ मागायला कोणाकडे जाऊ?" अकोल्याच्या वकिलाची मुलगी तुम्ही. बोलायला लागलात की छापल्यासारखी मराठी. राग आला किंवा माया आली की मात्र साहेबांच्या गावाकडची वऱ्हाडी. मला वऱ्हाडीच जास्त मिळाली. त्यात राग किती आणि माया किती, हे मोजायचं मी सोडून दिलं होतं.

तुमची मुलगी मीनाताई एकदा म्हणाली होती, "बाबा माझ्या शाळेत एकदाच आले. प्रमुख पाहुणे म्हणून. बक्षीस दिलं, हात मिळवला अन् मले नाव विचारलं. सवयीनं." ती हसत सांगत होती. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांना जेवायला वाढलं नाही. त्यांनी मीनेला सॉरी म्हटलं, मग ताट वाढलं." देशाच्या नेत्याच्या चरित्रात हे कुठेच नाही. असायला हवं. कारण त्या माणसात जे थोडंफार बापपण उरलं, ते तुम्ही भांडून भांडून उरवलंत.

आता तो मंगळवार.

साहेब गेले रविवारी, ऐन निवडणुकीत. उमेदवारी अर्ज भरायची मुदत गुरुवारी संपत होती. राख सावडून माणसं परत आली आणि तासाभरात भाऊ तुमच्या दारात. भाऊ म्हणजे पक्षाचे जिल्ह्याचे प्रमुख. वीस वर्षं तुमच्या हातचं जेवलेले. सोबत सात-आठ जण. सगळ्यात मागे, चपलांजवळ, मी.

"काकू, वेळ बरी नाही, समजते आमाले," भाऊ म्हणाले. "पण गुरुवारी मुदत संपते. तुमी फक्त सही करा. बाकी सारं आमी पाहून घेतो."

"काय पाहून घेता?"

"सारंच. सभा, प्रचार, सारं. तुमाले घराबाहेर पडाची गरज नाही. फोटोवरच निवडून येता तुमी."

आणि त्यांनी फ्लेक्सचा नमुना उलगडला. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. घरात दुखवट्याला आलेल्या बायका होत्या, त्याही माना वर करून पाहू लागल्या.

"ही बाई कोण?"

"काकू... तुमीच."

"माया कपाळाले काय झालं?"

भाऊंनी घसा साफ केला. "थे डिझाइनवाल्यानं... म्हणजे लोकायच्या भावना... सहानुभूती असते ना काकू."

"मी अजून आरसा पाहिला नाही, भाऊ. अन् तुमी मले रांडव करून, छापून आणलं?"

हा शब्द तुम्ही उच्चारलात आणि घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तुम्ही उठलात. तीन दिवस धड जेवण नव्हतं, एकीनं हात पुढे केला, तो तुम्ही बाजूला सारलात. आतल्या कपाटातून मेणाची डबी काढलीत. आम्ही बाहेरून झाकण उघडल्याचा आवाज ऐकला. परत आलात तेव्हा कपाळावर कुंकू होतं. रोजच्यापेक्षा मोठं. रुपयाएवढं.

"सहा वर्षांची होती तवापासून लावते मी हे," तुम्ही म्हणालात. "माया आईनं लावून देल्लं, अकोल्याले, शाळेत जातांना. तवा तुमचे साहेब नांदगावात बापाच्या मागं वावरात फिरत होते. कुंकू त्यायनं देल्लं नाही. त्यायच्यासंगं जाणारही नाही. शेजारच्यायनं चहा पाठवला, थो घ्या अन् निघा."

अर्ज तसाच कोरा परत गेला. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की साहेबांच्या जाण्यानं काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. गुरुवारी पक्षानं दुसऱ्याला उभं केलं, तो पडला आणि खापर तुमच्या माथी. संक्रांतीला ज्या घरांतून तुम्हाला हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं यायचं, त्या घरांना त्या वर्षी तुमचा पत्ता आठवला नाही. दहाव्याला तुमच्या बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना तुम्ही विचारलं होतं, "कोणाच्या दुखवट्याला आल्या, साहेबांच्या की माझ्या?" हेही त्यांना पचलं नव्हतं.

काकू, मी तेव्हा तुमच्या बाजूनं नव्हते. कुंकवाच्या बाबतीत होते, अर्जाच्या बाबतीत नव्हते. आणि खरं सांगू, आजही पूर्ण नाही. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, काकू, बाईला दार कसं का उघडेना, आत तर जाता येतं. तुम्ही आत गेला असतात तर तिथे भाऊंनासुद्धा शेंगा सोलायला बसवलं असतंत. तुम्ही म्हणायच्या, "उमेदवार म्हणून बोलावलं असतं तर विचार केला असता. त्यांनी विधवा म्हणून बोलावलं. ज्या कामासाठी बोलावलं, तेच काम करावं लागतं गं आत गेल्यावर. पाच वर्षं पांढरं कपाळ घेऊन बसावं लागलं असतं." मी म्हणायचे, पहिल्याच दिवशी लावून गेला असतात. तुम्ही म्हणायच्या, "तुला वाटतं तसं नसतं." आणि विषय बदलून मला पोह्यांना फोडणी द्यायला लावायच्या. मागच्या महिन्यातही तेच. फोडणी करपली आणि भांडण तिथेच राहिलं. आता मी कोणाशी भांडू? माझं म्हणणं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. आणि तुमची मान त्या दिवशी ताठ राहिली याचा अभिमानही वाटतो. दोन्ही एका अंगात घेऊन फिरतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "फिर. पाय मोकळे होतात."

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं, ते.

फ्लेक्सच्या दुकानात त्या सकाळी मी बसले होते. डिझाइनवाला म्हणजे मी. दुकानदाराचं नाव गुड्डू, त्याला मराठी धड लिहिता येत नव्हतं, म्हणून मजकूर द्यायला भाऊंनी मला पाठवलं होतं. फोटो मीनाताईच्या लग्नातला. तुम्ही हसताय, कपाळभर कुंकू. गुड्डू म्हणाला, "दीदी, फोटो तो शादी का लग रहा है. दुखी नही दिखती." मी पडद्याकडे पाहिलं. मला पटलं. मी म्हटलं, "कुंकू काढ. अन् ओठ थोडे मिटव." त्यानं माउस फिरवला. दोन मिनिटांचं काम. वर मी ओळ लिहून दिली, 'आता जबाबदारी तुमची.' दुकानातल्या दोघांनी मान डोलावली. मला माझा अभिमान वाटला, काकू. त्या दिवशी, त्या खुर्चीत, मला वाटलं की मला आता लिहिता येतं.

कोणी सांगितलं नव्हतं मला. भाऊंनीही नाही. हे मी स्वतःहून केलं. आमच्या घरात माझी आजी, माझी चुलती, दोघींची कपाळं मी लहानपणापासून तशीच पाहिली होती. नवरा गेला की कपाळ पुसतात, यात विचारायचं काय असतं? मी पुरोगामी पत्रकं वाटत होते आणि माझ्या बोटाला हे आपोआप येत होतं.

तुम्ही "माया कपाळाले काय झालं?" असं विचारलंत तेव्हा मी चपलांकडे पाहत होते. भाऊंनी डिझाइनवाल्याचं नाव घेतलं. मी गप्प बसले. गावानं गुड्डूला शिव्या दिल्या. मी त्याही ऐकून घेतल्या, शांतपणे, त्याच्या वाटच्या.

साहेबांची तेरवी झाली आणि भाऊंनी मला बोलावून सांगितलं की सांत्वनाची पत्रं पोतंभर आलीत, काकूंना उत्तरं लिहायला पोरगी पाहिजे, तू जा. वाटलं, माफी मागून टाकू. तुम्ही दार उघडलंत, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "अक्षर कसं आहे तुझं?" मी म्हटलं, बरं आहे. "बरं म्हणजे काय? लिहून दाखव." त्या क्षणी माफी राहिली, ती राहिलीच. रोज वाटायचं, उद्या सांगू. तुम्ही मला 'शितले' म्हणायला लागलात, मग तर आणखी अवघड झालं.

त्या पत्रांतूनच पुढचं काम निघालं. देशभरातून मोठ्या माणसांची पत्रं होती, त्यांना तुम्ही दोन ओळी लिहायला सांगितल्यात. पण गावोगावच्या बायांची होती, कुणाकडून तरी लिहून घेतलेली, आणि त्यांत साहेबांपेक्षा तुमच्याबद्दल जास्त होतं. 'काकू तुमी कुंकू ठेवलं म्हणते, खरं हाये काय?' तुम्ही ती पत्रं वेगळी काढायला सांगितलीत. मग म्हणालात, "उत्तर लिहून काय होते? जाऊन येऊ."

तुमची पद्धत कोणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही मयत झालेल्या घरी भाषण करत नव्हता. दहाव्याच्या दिवशी सकाळी, बाकीच्या बाया जमायच्या आत पोचायचं. तिच्याजवळ बसायचं. तेलाची वाटी मागायची. आणि तिची वेणी घालायला घ्यायची. हळूहळू. गुंता काढत. "वेणी चालू असतांना कोणी बाई मधे हात घालत नाही," हे तुमचं गणित. तिवस्याकडची ती चोवीस वर्षांची पोरगी आठवते? नवरा अपघातात गेलेला. तिच्या चुलत सासूबाई बांगड्या फोडायला दगड घेऊनच आल्या होत्या.

"झालं काय हो वेणीचं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"गुंता लय हाये," तुम्ही म्हणालात.

"किती वेळ लागन?"

"तुमाले जेवाची घाई असन तर जेवून घ्या."

दोन तास लागले वेणीला. मधेच तुम्ही तिच्या कानाशी साहेबांबद्दल काहीतरी बोललात आणि ती दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. बायका चिडल्या. हसली म्हणून चिडल्या. मग एकेक करून उठल्या, कारण घाटावरून माणसं परतली होती आणि पानं वाढायची होती. शेवटी ती म्हातारी दगड हातात घेऊन एकटीच उरली. तुम्ही तिला म्हणालात, "बसा, तुमचीही घालून देते." ती आधी भडकली. मग बसली. नवरा गेल्यापासून तीस वर्षांत तिच्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता, हे तिनंच रडत सांगितलं. मी परत येताना गाडीत विचारलं, काकू, तिला साहेबांचं काय सांगितलंत? "सांगितलं की माया नवरा कचोरी चोरून खात होता, अन् आता कोणाच्या खिशात हात घालू याचं मले रडू येते."

असं प्रत्येक घरी जमलं नाही. तीन घरांतून आपल्याला हाकललं. एकीनं तर पोलिसांत द्यायची धमकी दिली. पण जिथे जमलं तिथली कपाळं मी मोजलेली नाहीत, कारण तुम्ही मोजू दिली नाहीत.

मग अकोल्याची सभा. तुम्ही मंचावर, मी माइकपुढे. मी पेटले होते. "ज्यांनी काकूंचं कुंकू पुसलं, त्यांना इतिहास माफ करणार नाही!" टाळ्या पडल्या. परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत आणि म्हणालात, "भाषण चांगलं झालं. पण 'ज्यांनी' म्हणतांना बोट कोणाकडे करून राहिली होती तू?"

मी म्हटलं, "भाऊंकडे."

"हं," तुम्ही म्हणालात. "चहा घे, थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. तेव्हा तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत, काकू. मी चहा घेतला.

तुम्ही गेलात त्या सकाळी मीनाताईनं तुम्हाला न्हाऊ घातलं आणि तुमच्याच डबीतलं मेण लावून कुंकू लावलं. साहेबांची आत्या, नव्वदीची, काठी आपटत म्हणाली, "मीने, नवरा आधी गेला. तिले हे चालत नाही."

मीनाताईचा हात थांबला नाही. "आत्या, लावतांना तिनं नवऱ्याले विचारलं होतं काय?"

आत्यानं काठी टेकून वाकून पाहिलं. मग म्हणाली, "जराक वाकडं झालं, पाह. डाव्या अंगाले घे." आम्ही सगळ्या रडता रडता हसलो. तुम्ही असं कपाळ घेऊन गेलात. शेकडो माणसांनी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बॅनर लागले, पांढऱ्या कपाळाचे.

काल मी भाऊंकडे गेले. पक्षाच्या कार्यालयात सोनेरी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कापडात गुंडाळून.

"भाऊ, फोटो बदला."

"आता? वरतून माणूस येऊन राहिला परवा. फाइलीत हाच फोटो हाये. चांगला हाये की."

"तो काकूंचा नाही."

"मंग कोणाचा?"

"माझा. मी केलाय तो. गुड्डूनं नाही, मी." सात वर्षं घशात अडकलेलं वाक्य शेवटी भलत्याच माणसासमोर बाहेर पडलं.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. "माहीत हाये मले," ते म्हणाले. "गुड्डूनं त्याच दिवशी सांगतलं. अन् मी त्याच संध्याकाळी काकूले सांगतलं. म्हटलं, आपण काहून बदनाम व्हा."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणत? म्हणे, तेरवी झाली की त्या पोट्टीले माह्याकडे पाठवा. पत्रं लिहाले."

मी तिथून उठले आणि जिना कसा उतरले मला माहीत नाही.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अक्षर कसं आहे विचारलंत तेव्हा माहीत होतं. कागद फाडलेत तेव्हा, तेलाची वाटी माझ्या हातात दिलीत तेव्हा, तिवस्याच्या त्या घरात "तू बस, पुढची वेणी तू घाल" म्हणालात तेव्हा. ज्या बोटानं पडद्यावर तुमचं कपाळ दाखवून 'पूस' म्हटलं होतं, ते बोट तुम्ही गुंता काढायला लावलंत, आणि एकदाही टोमणा नाही. तुम्ही, ज्या टोमण्याशिवाय पोहेसुद्धा वाढत नव्हत्या. माझ्या कबुलीची वाट पाहत होतात की तिची तुम्हाला गरजच नव्हती? हे आता कळायचं नाही. मी मात्र ऋणी आहे, आणि ताठ मानेनं ऋणी आहे. साहेबांनी देश घडवला म्हणतात. असेल. मला तुम्ही घडवलंत, चुकीच्या बोटापासून सुरुवात करून.

माफी मागते, काकू. उशीर झाला.

आणि आता जरा तुमच्याकडे पाठ करते, कारण हे वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

अमरावतीच्या, अकोल्याच्या माणसांनो, बायांनो. मीनाताईनं मूळ फोटो दिलाय, कपाळभर कुंकवाचा, हसरा. तो मी मोठा छापून आणलाय, त्याच गुड्डूच्या दुकानातून. त्यानं मजुरी घेतली नाही. भाऊ म्हणतात, चौकट बदलायची तर लोकांची मागणी पाहिजे. मग मागा. उद्या अकरा वाजता सभागृहात या. पांढऱ्या कपाळाच्या फोटोवरचा पडदा उघडला तर त्याला हार घालू नका, नमस्कार करू नका, उभे राहून सांगा की ह्या आमच्या काकू नव्हेत. आपल्या चौकातला बॅनर आज उतरवा, परवानगी विचारत बसू नका. लावणाऱ्यांनी काकूंना विचारलं नव्हतं.

आणि उद्यानंतर, तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, दहाव्याच्या दिवशी एखाद्या बाईच्या कपाळाकडे कोणाचा हात जाईल. तो हात धरा. तो तुमचाच असेल, तर खाली घ्या.